शून्य पूर्णांक सहा

देवजी गेले त्याच्या चौथ्या दिवशी दुपारी अपेक्षाच्या फोनवर संदेश आला: "देवजी आज ५,३१८ पावलं चालले. शाब्बास!" खाली टाळ्या वाजवणारे दोन पिवळे हात.

ती पडवीत भिंतीला टेकून बसली होती. भेटायला आलेली माणसं चटईवर बसून, कोणीच काही बोलत नाही म्हणून भातझोडणीचं बोलत होती. तिनं संदेश दोनदा वाचला. आधी वाटलं, जुना असेल. म्हसा गावाच्या या बाजूला रेंज येते आणि जाते. कुठंतरी अडकून राहिलेला आता सुटला असेल. पण तारीख आजची होती.

पट्टा तिनंच दिवाळीत बाबांच्या मनगटाला बांधला होता. घड्याळासारखा काळा, पावलं मोजणारा. पट्ट्यातला आकडा बाबांच्या फोनमध्ये उतरायचा आणि तिथून तिच्या फोनवर, शहापुरात. बाबांचा फोन आता समोरच्या फळीवर होता. तो बंद करायला कोणाला सुचलं नव्हतं.

तेवढ्यात शेजारची गुणाबाई मागच्या दारानं पातेलं घेऊन आली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून दोन्ही वेळचं जेवण तीच आणत असे. पातेलं टेकवायला ती वाकली, हात पुढं आला, आणि हिरव्या बांगड्यांच्या वर अपेक्षाला तो पट्टा दिसला.

माणसं उठून जाईपर्यंत ती थांबली. मग म्हणाली, "काकी, हातात काय आहे?"

गुणाबाईनं मनगटाकडं असं पाहिलं, जणू तो हात दुसऱ्याचा असावा. "अगो बाय. काढायचा ऱ्हायलाच."

"तुमच्या हातात कसा?"

गुणाबाई खाली बसली. पदराचं टोक पिळत म्हणाली, "पाय सुजलेले त्यांचे. दोन पावलं टाकली का धाप लागायची. बाजेवरून उठवत नव्हतं. मला म्हनले, गुणाबाय, तू रानात जातीस, पान्याला जातीस, घाल तुझ्या हातात. पोरगी रोज सकाळी आकडा बघते. आकडा दिसला नाय तर कॉलेज टाकून धावत येल."

"किती दिवस?"

"जत्रेच्या आधीपासून. इस-बावीस दिस झाले असतील."

बावीस दिवस. अपेक्षाला त्यातला एकेक आकडा आठवत होता. आठ हजार दोनशे. नऊ हजार साठ. एका रविवारी ती निघणारच होती, पण उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता आणि सकाळी आकडा पाहिला, नऊ हजार चारशे, तिनं फोन करून नुसतं म्हटलं, "बाबा, मस्तच! माझ्यापेक्षा जास्त चालता." पलीकडून हसल्याचा आवाज आला होता. आता वाटत होतं, ते हसणं नसेल, धाप असेल.

तिनं गुणाबाईच्या हातून पट्टा काढून घेतला. बक्कल तिला लगेच सापडलं. गुणाबाईला ते बावीस दिवसांत सापडलं नव्हतं, की तिनं शोधलंच नव्हतं, हे तिनं विचारलं नाही. त्या दिवसापासून ती गुणाबाईशी कामापुरतंच बोलू लागली.

*

ती शहापूरला ज्युनियर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. सुतक फिटल्यावर परत गेली, तर तिसऱ्याच दिवशी किशोर तिच्या दारात. किशोर शाळेत तिच्या वर्गात होता. एसटी स्टँडजवळ त्याचं मोबाइलचं दुकान, आणि दुकानाच्या माळ्यावर पाच खुर्च्या टाकून त्यानं एक अड्डा केला होता. तालुक्यातली पोरं तिथं बसून फोनवर गोळीबाराचा खेळ खेळत. चार-चारांचे संघ, शंभर माणसं एका बेटावर, शेवटी उरेल तो जिंकला.

"अपेक्षा, वेळ वाईट आहे, माहितीये मला," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "पण ठाण्याची कंपनी थांबत नाय. आपल्या पाच पोरांतले चार त्यांना पाहिजेत. सहा महिने शिबिर, राहणं-खाणं त्यांचं, पुढं मोठ्या स्पर्धा. म्हणतात, खेळाडूंचे आकडे पाठवा, शेरे नकोत. आमी भावनेची माणसं. तू आकड्यांची बाई."

काम नको म्हणायला तिच्याजवळ कारण होतं. पण घरात बसून भिंत बघण्यापेक्षा बरं, म्हणून तिनं त्याच्याकडून पेन ड्राइव्ह घेतला. तेवीस सामन्यांचं चित्रण आणि पाच नावांचा तक्ता. मुख्य रकाना एकच: सामन्यामागे किती बळी. पंकज, चार पूर्णांक एक. प्रणित, दोन पूर्णांक सात. भाविक, दोन पूर्णांक दोन. सुनिल, एक पूर्णांक दोन. शेवटचं नाव भाग्यश्रीचं. शून्य पूर्णांक सहा.

भाग्यश्री म्हणजे गुणाबाईची नात. एकवीस-बावीस वर्षांची. बी.कॉम. करून घरी बसलेली, मुरबाडच्या दोन कारखान्यांत अर्ज टाकून थकलेली. अपेक्षानं तिला परकर-पोलक्यात पाहिलं होतं.

तक्ता सरळ होता. चार जागा, पाच नावं, सगळ्यांत खालचं कापायचं. पाच मिनिटांचं काम. अपेक्षा त्या शेवटच्या ओळीकडं बघत राहिली आणि तिला जाणवलं की तिला ते नाव कापायला आवडेल. त्या जाणिवेनं ती इतकी घाबरली की तिनं लॅपटॉप मिटला.

शनिवारी ती माळ्यावर गेली. पाचही जण होते. पंकज उठून उभा राहिला आणि त्यानं तिला स्वतःची खुर्ची दिली. आटगावचा, लांब केसांचा, तोंडाळ.

"मॅडम, माझं नाव पहिलं हाय ना? नसंल तर गणित चुकलं समजा."

"पहिलं आहे. पण तुझ्या सामन्यांतले निम्मे भर दुपारचे आहेत, पंकज. तेव्हा समोर माणसं किती असतात?"

"आता ते..." तो डोकं खाजवू लागला.

"हिनं पकडलं तुला," किशोर हसला. दुपारी खरे खेळाडू कमी पडतात, मग खेळ स्वतःच कंप्युटरची बाहुली सोडतो. ती सरळ रेषेत चालत येतात आणि उभ्या उभ्या मरतात.

"बाहुलं मारलं तरी किल तो किल!" पंकज म्हणाला. "तक्त्यात लिवलंय का कुठं, बाहुलं म्हनून?"

सगळे हसले. भाग्यश्री हसली नाही. ती कोपऱ्यात, फोनची वायर बोटाभोवती गुंडाळत उभी होती. बाकीचे खाली चहाला गेले तशी ती जवळ आली.

"ताई, आजोबांचं... मला यायचं होतं. पण तोंड दाखवायला धीर झाला नाय."

"का?"

"तो पट्टा आजीच्या हातात मीच बसवला. आजीला जमत नव्हतं. आजोबांनी शपथ घातलेली, ताईला सांगायचं नाय म्हनून."

पुढचं बोलणं अपेक्षानं ठरवून केलं नव्हतं. नंतर तिनं स्वतःला तसं पुष्कळदा सांगितलं. पण आवाज शांत होता, वर्गात गुण सांगतात तसा. "तुझा आकडा सगळ्यांच्या खाली आहे, भाग्यश्री. शून्य पूर्णांक सहा. सुनिलचा तुझ्या दुप्पट आहे. अजून सहा सामने धरायचेत, पण त्यानं काही फरक पडेलसं वाटत नाही."

तो आकडा खेळाडूंना सांगायचा नव्हता. मोजणी चालू असताना मोजल्या जाणाऱ्याला आकडा सांगू नये, हे ती दरवर्षी पहिल्याच तासाला शिकवायची.

भाग्यश्री "बरं" म्हणाली. वायर बोटावरून सोडवली. बोटावर तिचे पांढरे वळ उठले होते.

*

त्या आठवड्यात अपेक्षानं चित्रणं बघायला घेतली. तशी गरज नव्हती. आकडे त्यातूनच निघाले होते. पण केलेलं बोलणं मनातून जाईना, आणि ते बरोबर होतं एवढं तरी पाहावं, असं तिला वाटलं.

पहिले तीन-चार सामने तिला काही कळलं नाही. धूळ, झाडं, गोळ्यांचा कडकडाट, पंकजच्या शिव्या. मग तिनं फक्त भाग्यश्रीचा पडदा लावला आणि तो कंटाळवाणा निघाला. ती पळत नव्हती. बाकीचे तिघं घरांत शिरत, लुटत, भांडत. ही एखाद्या टेकाडावर जाऊन पडून राही. पाच-पाच मिनिटं पडद्यावर नुसतं गवत हले. खाली पूल असेल, नाहीतर दोन डोंगरांमधली वाट. कोणी दिसलं की ती एक गोळी टाके, बहुतेक चुकणारी, आणि परत गवत.

सातव्या सामन्यात अपेक्षानं काय केलं, तर समोरच्या संघाचं चित्रण शेजारी लावलं. तेव्हा तिला दिसलं. चौघंजण पुलाकडं येत होते. वरून एक गोळी आली, दगडावर आपटली. चौघं थांबले, माघारी वळले आणि ओढ्याला वळसा घालून गेले. ओढ्यात पंकज होता. पंकजला तीन बळी मिळाले. भाग्यश्रीला शून्य.

मग तिनं कागद घेतला. भाग्यश्री खेळली ते सामने चौदा. त्यांतल्या आठांत संघ पहिल्या तिघांत होता. ती बाहेर बसली ते नऊ, त्यांतल्या तिनांत. फरक डोळ्यांत भरण्यासारखा होता आणि अपेक्षाला क्षणभर हायसं वाटलं. मग तिनं तो नेहमीच्या कसोटीला लावला. सामने इतके थोडे, की नाणं उडवूनही एवढा फरक पडला असता. शिवाय भाग्यश्री संध्याकाळची खेळायची, तेव्हा माळ्यावरचं वायफाय बरं चालायचं. शिवाय ती नसे तेव्हा सुनिल असे, आणि सुनिल नवा. शिवाय, हे तिनं कागदाच्या कडेला लिहिलं आणि खोडलं, मोजणारीला आता ही मुलगी चांगली निघायला हवी होती. आठवड्यापूर्वी वाईट निघायला हवी होती. दोन्ही वेळा आकडे तेच.

किती जण वळले ते मोजावं, असंही तिनं ठरवून पाहिलं. पण वळलेला माणूस गोळीमुळं वळला, की त्याला तसंही ओढ्यातनंच जायचं होतं? न आलेल्यांचा रकाना कसा करायचा? संध्याकाळपर्यंत तिनं सहा रकाने आखले आणि सहाही खोडले.

*

महिन्याच्या श्राद्धाला ती गावी गेली. किन्हवली, सरळगाव, मग मुरबाडला गाडी बदलून. भटजी गेले, पानं वाढून झाली, आणि भांडी घासायला मागच्या अंगणात ती आणि गुणाबाई दोघीच उरल्या.

"माज्यावं राग हाय ना गो तुजा?" गुणाबाई राख चोळता चोळता म्हणाली.

अपेक्षानं घासलेलं ताट विसळून पालथं घातलं. मग म्हणाली, "भाग्यश्री त्या खेळात नुसती पडून असते, काकी. तिच्या नावावर काही लागत नाही. तिला घेणार नाहीत बहुतेक."

"पडून म्हंजे?"

अपेक्षानं टेकाड, पूल, वळून जाणारी माणसं असं सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, म्हातारीला समजावून सांगता सांगता दमायला होईल. पण गुणाबाईनं मध्येच हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"म्हंजे खिंडीवं बसती ती."

"खिंडीवर?"

"आता बंद झालं सगलं, कायदा आला. पन पयला डुकराच्या शिकारीला हाक निघायची ना, तवा तुजा बाप मटनाचे वाटे करायचा. हाकेला तीस मानूस. ओरडणारे खालून रान उठवीत यायचे. बंदुकवाला एक, त्यो ओहोळात. आन बाकीच्या खिंडींत एक-एक मानूस नुसता बसवायचा. त्याच्याजवल काय, काठी. दिसभर बसून ऱ्हायचं. डुक्कर तिकडं फिरकायचं बी नाय."

"मग?"

"मग काय, वाटे. मुंडी बंदुकवाल्याची. पन पयला वाटा तुजा बाप खिंडीवाल्याचा काढी. आमचा म्हातारा तेवा तरणा व्हता, भांडला एकदा. म्हनला, ह्यानं काय केलं? बसून इड्या वढल्या. देवजीभाव म्हनला, त्यो बसला म्हनून डुक्कर तिकडनं गेला नाय. तू बसला असतास तर तुला दिला असता."

"पण ते कळायचं कसं, काकी? डुक्कर तसंही गेलं नसतं कदाचित. खिंडीवाला झोपलाही असेल."

"झोपायचे की. रंगूचा बाप घोरायचा." गुणाबाई हसली, तिचे पुढचे दोन दात नव्हते. "झोपला तरी वाटा."

"मग बाबा कशावरून द्यायचे?"

गुणाबाईनं राखेचा हात थांबवला. हे काय विचारतेस, असं तिच्या चेहऱ्यावर होतं. "अगो, त्यो तितं व्हता ना."

अपेक्षाला हे उत्तर पटलं नाही. झोपलेल्याला आणि जागणाऱ्याला एकच वाटा, यात न्याय असेल, मोजमाप नव्हतं. आणि कंपनीला मोजमाप हवं होतं. तरी परतीच्या गाडीत तिला एवढं मात्र स्पष्ट झालं, की त्या टेकाडावरची मुलगी झोपलेली नव्हती. ते तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं. तेवढं कुठंतरी लिहायला हवं होतं.

*

पत्र तिनं रविवारी लिहिलं. एक पान. सोमवारी सकाळी ते घेऊन ती दुकानात गेली, तर किशोर तिला बघून काउंटरच्या बाहेर आला.

"तू काय जादू केलीस गो त्या पोरीवर? शेवटचे सहा सामने बघ. एकोणीस किल! एका सामन्यात पाच. पंकज्याची पण बोलती बंद."

अपेक्षानं आकडेमोड उभ्या उभ्या केली. वीस सामने, सत्तावीस बळी. एक पूर्णांक पस्तीस. सुनिलच्या वर.

"आणि संघ?"

"संघाचं काय?"

"सहा सामन्यांत संघ कितवा आला?"

किशोरनं फोन चाळला. "एकदा सातवा. मग नववा, अकरावा... जाऊ दे ना. त्यांना संघ नकोच आहे, खेळाडू पाहिजेत. आता तक्ताच बोलतोय, तू कशाला डोकं खातेस?"

माळ्यावर जाऊन तिनं तिथंच चित्रण लावलं. भाग्यश्री पळत होती. दारं लाथेनं उघडत होती, जिन्यावर गोळ्या झाडत होती, जखमी पडलेल्या भाविकला ओलांडून पुढच्या माणसामागं धावत होती. खेळ वाईट नव्हता. हात चपळ होता, हे अपेक्षाला याआधी माहीतच नव्हतं. आणि प्रत्येक सामन्यात, कधी पुलावरून, कधी दोन डोंगरांमधल्या वाटेनं, कोणीतरी निवांत चालत येऊन मागून सगळ्यांना मारून जात होतं.

भाग्यश्री दुपारच्या गाडीनं आली. अपेक्षानं तिला बाजूला घेतलं.

"हे काय खेळलीस?"

"का? वाढला ना आकडा?"

"तू अशी खेळत नाहीस."

भाग्यश्रीनं तिच्याकडं सरळ पाहिलं. त्यात उद्धटपणा नव्हता. खरंच न कळल्यासारखं होतं. "तुमी आकडाच बघता ना ताई. मग आकडा दिला."

माळ्याचा पंखा कुरकुरत होता. अपेक्षाला वाटलं, हेच वाक्य तिला आधी कोणीतरी म्हणायला हवं होतं; म्हटलं असतं तर ती रागावली असती, भांडली असती, पण दुपारच्या गाडीनं गावी गेली असती.

"चुकलं का माझं?" भाग्यश्रीनं विचारलं.

"नाही. माझं चुकलं. तुला तो आकडा सांगायला नको होता. रागानं सांगितला मी. तुझ्या आजीवरचा राग होता."

"माहितीये. आजी म्हनली होती, त्या पोरीला रागावू दे, तिला रागवायला आता दुसरं कोन हाय."

अपेक्षानं पिशवीतून दोन कागद काढून टेबलावर ठेवले. विषय समजावून द्यायची तिची सवय कामी आली. आवाज नीट राहिला. "हे बघ. हा तक्ता तुझ्या वीस सामन्यांचा. तो पाठवला तर तू आत, सुनिल बाहेर. पण त्यांना वाटेल तू ही आहेस, पळणारी. दुसरा चौदा सामन्यांचा, मी आकडा सांगायच्या आधीचा. माझ्या मते खरा हाच. त्यात तू शेवटची. त्याला हे पत्र जोडीन. मी काय पाहिलं ते लिहिलंय. पण पुराव्यानं सिद्ध होईल असं त्यात काही नाही, आणि ते वाचतील याची खात्री नाही."

भाग्यश्रीनं पत्र वाचलं. मध्ये एकदा ओठ हलले. परत पहिल्यापासून वाचलं.

"हे तुमी माझ्याबद्दल लिवलंय?"

"हो."

"तुमाला दिसलं हे? मी पंकजला सांगायची, तर त्यो म्हनायचा, तू घाबरतेस म्हनून वर जाऊन बसतेस."

"दिसलं. उशिरा दिसलं."

खाली किशोर कोणा गिऱ्हाइकाशी काचेच्या भावावरून हुज्जत घालत होता. भाग्यश्रीनं पत्राची घडी पडली होती तशीच घातली.

"दोन अर्ज टाकलेत मी मुरबाडला. वर्ष झालं. बाबा म्हनतात, या उन्हाळ्यात उरकून टाकू लग्न." तिनं पत्र अपेक्षाच्या हातात दिलं. "वीसवाला पाठवा ताई. खरं दाखवायला आदी आत तर जायला पायजे. तिथं गेल्यावं बघू."

"तिथंही ते हाच रकाना बघणार."

"पन मी तिथं असंल ना."

यावर अपेक्षाजवळ उत्तर होतं. आत जाण्यासाठी धरलेली चाल आत गेल्यावर सुटत नाही, असं काहीसं. पण ते उत्तर तिचं होतं, जागा भाग्यश्रीची होती. आणि कोणता पाठवू, हे विचारलं होतं अपेक्षानंच. तिनं वीस सामन्यांचा तक्ता जोडला. खाली एक ओळ लिहिली: शेवटचे सहा सामने खेळाडूला स्वतःचा आकडा कळल्यानंतरचे आहेत. सोबत पत्रही ठेवलं.

किशोरनं पत्र वाचून डोकं खाजवलं. "हे भारी लिवलंयस. पण शेरे नकोत म्हणालेत ते." त्यानं पत्र काउंटरच्या खणात ठेवलं आणि तक्ता पाठवून दिला. ती ओळ त्यानं ठेवली की काढली, हे त्यानं सांगितलं नाही आणि अपेक्षानं विचारलं नाही. सुनिलला मात्र तिनं स्वतः जाऊन सांगितलं. तो "असू द्या मॅडम" म्हणाला, आणि पुढं महिनाभर माळ्यावर आला नाही.

*

शिबिराचा पहिला जाहीर सामना एप्रिलात, एका रविवारी सकाळी अकराला होता. अपेक्षानं लॅपटॉप स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. चौघांना एकसारखे निळे टी-शर्ट दिले होते. भाग्यश्रीनं केस घट्ट बांधले होते, आणि तिच्या नावाखाली पिवळ्या अक्षरांत तो रकाना सतत दिसत होता.

ती पळत होती. पहिला बळी दुसऱ्याच मिनिटाला. समालोचक ओरडला. दुसरा. तिसरा जिन्यावर. अपेक्षाला एकदा टाळी वाजवावीशी वाटली आणि वाजवलीही, एकटीच, ओल्या हातांनी. चौथ्याला समालोचकानं तिला "मुरबाडची वाघीण" म्हटलं.

मग खेळाचं क्षेत्र आकसत पुलाजवळ आलं. पुलाच्या तोंडाशी, उंचावर एक दोनमजली रिकामी इमारत होती. तिथून सगळा उतार दिसत होता. तिथं कोणीच नव्हतं. पहिल्यांदा एक संघ पुलावरून आला. मग आणखी एक. पंकज मागून मारला गेला, मग प्रणित, भाविक, आणि सगळ्यांत शेवटी, धावता धावता, भाग्यश्री. संघ तेरावा आला.

अर्ध्या तासानं तिचा संदेश आला. "ताई बघितलं का? चार!"

अपेक्षानं "शाब्बास" लिहिलं. तो शब्द पडद्यावर बघून तिनं तो पुसला. कुकरच्या शिट्ट्या झाल्या, तिनं गॅस बंद केला, परत येऊन लिहिलं.

"बघितलं. छान मारलेस. पुलावरची इमारत रिकामी होती."

दोन खुणा निळ्या झाल्या. पलीकडं लिहिणं सुरू झालं, थांबलं, पुन्हा सुरू झालं.

"माहितीये ताई. मला पन दिसत होती."